धनसिंग आबांची साखर

धनसिंग आबांना मधुमेह नव्हता. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती: स्वतः आबांना आणि त्यांच्या बायकोला, ताईबाईंना. बाकी धुळ्यापासून सावद्यापर्यंत सगळ्या सोयऱ्यांत आबा साखरेचे जुने आणि शिस्तीचे पेशंट म्हणून ओळखले जात.

सुरुवात पुनमच्या लग्नानंतर झाली. पुनम ही आबांची एकुलती एक लेक. जळगावला कॉलेजात असताना तिने सावद्याच्या हितेंद्रशी परस्पर जमवलं. दोन्ही घरं आधी रुसली, मग मानली, आणि मानल्यावर आपण किती मनापासून मानलंय हे जेवणातून सिद्ध करायला लागली. हितेंद्रचे वडील गिरधर नाना केळीचे मोठे बागायतदार. पहिल्याच भेटीत नानांनी आणि विहीणबाई कुंदाबाईंनी आबांना खापरावरचे पुरणाचे मांडे इतक्या आग्रहाने वाढले, की परतीच्या एसटीत आबा धुळ्यापर्यंत उभे राहून आले. बसायला जागा होती. बसता येत नव्हतं.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत आबांनी पाहिलं, की नाना वाढप्याला नुसतं "मला साखर आहे" म्हणाले आणि तो बुंदीची बादली घेऊन आल्या पावली परतला. हात आडवा घालणं नाही, ताटावर पालथं पडणं नाही, गळ्याची शपथ नाही. आबा थक्क झाले. पुढच्या भेटीत त्यांनीही तेच वाक्य म्हटलं.

मांडे बंद झाले. कारलं सुरू झालं. नानांना तर मनापासून आनंद झाला, कारण त्यांची साखर अस्सल होती आणि घरात एकट्याने मेथ्यांचं पाणी पिणं त्यांच्या जिवावर येई. आता जोडीदार मिळाला. दोघे व्याही सकाळी केळीच्या बागेतून चालत, पेल्याला पेला लावून मेथ्यांचं पाणी पीत आणि पायाला मुंग्या येतात का यावर बोलत. आबांना मुंग्या येत नसत, पण नानांचं मन मोडू नये म्हणून त्यांनी डाव्या पायाला थोड्या येऊ दिल्या होत्या.

अशी वर्षं सुखात गेली. मग या हिवाळ्यात पुनमचा फोन आला.

"आबा, रविवारी तुम्ही दोघं या. मी चॉकलेट केक करतेय. साखर नाही, मैदा नाही. खास तुमच्यासाठी शिकले."

आबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आते काय करश्यात?" ताईबाईंनी विचारलं. "त्यामा तं साखरच नही शे."

"खाई लिसू," आबा म्हणाले. "एक तुकडा."

सावद्याला पुनमचा ओव्हन फ्रिजवर विराजमान होता. मैद्याऐवजी बदामाचं पीठ आणि जवस, साखरेऐवजी स्टीव्हिया, इथपर्यंत सगळं व्हिडिओप्रमाणे झालं. पण कुंदाबाईंच्या घरात अंडं चालत नसे, आणि केक बांधून धरायला काहीतरी हवं होतं. व्हिडिओतली बाई म्हणाली, भाजलेलं वांगं घाला. वांग्याचं नाव निघताच कुंदाबाईंनी सूत्रं हातात घेतली. भरताचं वांगं गॅसवर भाजायला त्यांचा जीव धजेना. त्यांनी मागच्या अंगणात कापसाच्या काड्या पेटवल्या आणि वांगी अशी भाजली की शेजारचे सुपडू काका भरतासोबतच्या कळण्याच्या भाकरीची चौकशी करून गेले.

आबांनी पहिला घास घेतला. चव गोडाच्या दिशेने निघाली होती, पण वाटेत भरताच्या गावी उतरली होती.

"मिरची आहे का यात?" आबांनी विचारलं.

"एकच पडली," कुंदाबाई म्हणाल्या. "वांगं ठेचताना हात आपोआप जातो."

पुनम समोर उभी होती. आधी बिघडलेले सगळे केक हितेंद्रने संपवले होते. तो दाराशी उभा राहून सासऱ्यांकडे जुन्या सैनिकाने नव्या भरतीकडे पाहावं तसा पाहत होता.

"बेस शे, बेटा," आबा म्हणाले.

"मग घ्या ना अजून. साखर नाहीच यात."

आबांनी सवयीने हात आडवा केला. त्या हातामागे आता काहीच उरलं नव्हतं. दुसरा तुकडा पुनमने वाढला, तिसरा कुंदाबाईंनी, चौथा नानांनी. नानांनी स्वतः एकच खाल्ला. त्यांना मिरची बाधत असे.

दोन तासांनी नाना साखर मोजायचं मशीन घेऊन आले.

"चला, दोघांची पाहू. पोरीने एवढी मेहनत घेतलीय."

"माझ्या बोटाला लागलंय, नाना."

"दुसरं द्या."

नानांची दोनशे चौदा आली. आबांची शहाण्णव. नानांनी मशीन झटकलं, आबांचं तिसरं बोट टोचलं. पुन्हा तेवढीच.

"मी खाल्ला एक," नाना सावकाश म्हणाले. "तुम्ही खाल्ले चार." त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "म्हणजे जितका जास्त खावा तितकी साखर उतरते."

कोणी हरकत घेतली नाही. हितेंद्र एम. एस्सी. होता. तोही मान डोलवत होता.

नानांनी सुपडू काकांना बोलावून घेतलं. काका आपली साखरेच्या रिपोर्टांची पिशवी घेऊनच आले. त्यांना बरा झालेला माणूस दाखवण्यात आला. त्यांनी आबांचा डावा पाय दाबून पाहिला.

"मुंग्या?"

"गेल्या," आबा म्हणाले. दिवसभरात त्यांनी बोललेली ही सत्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट होती.

"रिकाम्या पोटी घ्यायचा की जेवणानंतर?" काकांनी पुनमला विचारलं.

पुनमचं तिकडे लक्षच नव्हतं. ती नुसती आबांकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर असा उजेड होता की आबांनी ठरवलं, जन्मभर गप्प राहायचं. दर महिन्याला येऊन चार तुकडे खायचे. धुळ्यातही उपचार चालू ठेवायचे.

तेवढ्यात नाना आतून गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आले आणि त्यांनी ती केळीच्या सालांच्या बादलीत टाकली.

"झालं," ते म्हणाले. "उद्यापासून केक. सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

आबांनी ताईबाईंकडे पाहिलं. ताईबाई म्हणाल्या, "सांगा आते."

"नाना, मला साखर नाही."

"ते दिसतंच आहे."

"आधीही नव्हती."

"आधी म्हणजे? सकाळी?"

"जन्मल्यापासून."

सुपडू काकांनी आबांचा पाय खाली ठेवला.

मग आबांनी बुंदीच्या बादलीपासून सगळं सांगितलं. नाना ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"आणि मेथ्यांचं पाणी?"

"ते खरंच प्यालो."

"कशासाठी?"

"तुम्ही एकटे पीत होतात."

नानांनी बादलीत हात घालून पाकिटं काढली, सदऱ्याला पुसली आणि दुपारची राहिलेली गोळी घेतली. काकाही पिशवी उचलून निघाले. जाताना एक तुकडा घेऊन गेले, नुसता खायला म्हणून.

"मग चार का खाल्लेत?" पुनमने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"तू पाहत होतीस," आबा म्हणाले.

 कुंदाबाई मात्र मघापासून वेगळाच हिशेब करत होत्या.

"म्हणजे मांडे चालतात," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. बाकीच्यांसाठी मांडे आजही केलेले होतेच. त्या आत गेल्या आणि ताट भरून घेऊन आल्या. "इतक्या वर्षांचं राहिलंय हो तुमचं."

आबांच्या पोटात चार तुकडे वांगं होतं. त्यांनी ताईबाईंकडे पाहिलं. ताईबाई खिडकीबाहेर केळी पाहू लागल्या. मग आबांनी पुनमकडे पाहिलं, अगदी काकुळतीला येऊन. पित्त, कोलेस्टेरॉल, काहीही चाललं असतं. लेकीने तोंडातून एक आजार काढला असता तरी भागलं असतं.

पुनमला नजर बरोबर कळली. तिने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"वाढा, आई," ती कुंदाबाईंना म्हणाली. "आबांना काहीच झालेलं नाही. ठणठणीत आहेत."

तूप तिने स्वतः वाढलं. आबा पुरे म्हणाले, त्यानंतरही.