मासळीच्या गाडीतली भिंत

सीमेवरच्या तपासणी नाक्यावर दोन खिडक्या होत्या. मामांच्या गाड्या कायम दुसऱ्या खिडकीवर जायच्या, कारण पहिलीवर त्यांची सख्खी भाची बसायची. घरच्या माणसाची गाडी आपण तपासणार नाही, असं तिनं नोकरीला लागल्या लागल्याच साहेबांना लिहून दिलं होतं. पण त्या दिवशी दुसऱ्या खिडकीवरचा सहकारी तापानं फणफणला होता. साहेब फोनवर म्हणाले, "तूच बघ. मी तासाभरात पोचतो. काही वावगं दिसलं तर आधी मला कळव."

मामा माल सोडवून देणारे दलाल. पलीकडून माल आला की कागद पुरे करून तो पुढं धाडायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. तिचे वडील गेले तेव्हा बहिणीला आणि भाचीला त्यांनीच आपल्या घरी आणलं. लहानपणी ही पोरगी फडताळं, डबे, लोकांचे खिसे, सगळं हुडकायची, म्हणून मामांनी तिचं नाव 'खार' ठेवलं.

"खारे, आज तू होय! मग काय, घरचंच कार्य," कागद सरकवत मामा म्हणाले. "गोठवलेली मासळी आहे. दार उघड, एक नजर टाक आणि सोड. उन्हात माल नासला तर व्यापारी माझं डोकं खाईल."

वजनकाट्याची चिठ्ठी कागदांशी अगदी बरोबर जुळत होती. तिनं दार उघडायला लावलं. गार वाफ अंगावर आली. खोकी छतापर्यंत रचलेली होती, आणि वारा खेळावा म्हणून मधे एक माणूस अंग तिरकं करून सरकेल एवढी फट. दारापाशीच्या रांगेत चोवीस खोकी होती. कागदावर चारशे आठ. म्हणजे सतरा रांगा हव्यात. तिनं विजेरी दातात धरली आणि फटीत शिरली.

"अगं, गारठशील!" मामा बाहेरून ओरडले.

ती रांगा मोजत सरकत राहिली. बारा, तेरा, चौदा. पुढं भिंत.

परत मोजल्या. चौदाच. तीन रांगा कमी, मग वजन कसं जुळलं? तिनं बोटांच्या पेरांनी भिंत ठोकली. बाजूच्या भिंती दबका आवाज देत होत्या. ही रिकाम्या पिंपासारखी बोलली. विजेरी जवळ नेली तर कडेचे स्क्रू नवे कोरे. तिची बोटं बधिर झाली होती.

बाहेर येऊन तिनं टेप काढला आणि गाडी बाहेरून मोजली. जाड भिंती वजा जाता साडेचार फूट कुठंतरी गडप झाले होते. ड्रायव्हर टायरवर पाय टेकून शीळ घालत होता. शीळ थांबली.

मामांनी तिचा चेहरा पाहिला आणि तिला बाजूला घेतलं. आवाज खाली आला. "थोडी साखर आहे गं. कर वाचवतात, दुसरं काय? कुणाच्या ताटात विष तर नाही ना कालवत?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

मामांनी एकवार गाडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "आजवर तुझ्याकडं कधी काही मागितलंय मी?"

"नाही मागितलंत," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. तरी तिनं खिशातून फोन काढून साहेबांना लावला. "साहेब, गाडीत खोटी भिंत आहे. आणि कागद माझ्या मामांचे आहेत. पुढचं तुम्हीच करा." मग पहारेकऱ्याला खूण केली. "आडवा दांडा खाली घे."

ड्रायव्हर एका उडीत केबिनमध्ये चढला. इंजिन गुरगुरलं. ती गाडीच्या पुढ्यातच उभी होती, आणि पाय जागचे हलेनात. गाडी दोन हात पुढं सरकली. कुणीतरी तिच्या दंडाला असा हिसडा दिला की ती बाजूला जाऊन आदळली. तिच्या जागी मामा उभे होते, दोन्ही तळवे गाडीच्या नाकावर टेकून.

"बंद कर!" ते गरजले. "माझ्या लेकीच्या अंगावर घालतोस?"

ब्रेक किंचाळला. पहारेकऱ्यानं ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलं.

साहेब आले, पंचांना बोलावलं, खोकी उतरवली, स्क्रू काढले. भिंत आडवी झाली तेव्हा मागं साखर नव्हती. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे होते, शेकड्यांनी. साहेबांनी एकावरचं लेबल नखानं सोललं. खाली जुनं लेबल, त्यावरची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. आतली पावडर पिवळट, ढेकळं झालेली.

मामांनी तो डबा उलटासुलटा करून पाहिला. "असे दोन डबे यानं मला दिले," ड्रायव्हरकडं बोट करून ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात. नातीसाठी."

बाळंतपणाला माहेरी आलेल्या मामांच्या मुलीला दूध पुरत नव्हतं. तिची दोन महिन्यांची मुलगी वरच्या दुधावरच होती. मामांनी घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांच्या हातून फोनच निसटला, तेव्हा तो उचलून भाचीनं लावला. मामींनी घेतला.

"अगं, पोरीला सकाळपासून जुलाब होताहेत. डोळे कसे खोल गेलेत. दवाखान्यातच निघालोय."

"मामी, नीट ऐका. दुधाचा डबा बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा. आणि त्यातला एक थेंबही पुन्हा पाजू नका."

"का गं? हे तर ह्यांनी आणलंय."

"आधी निघा," एवढंच ती म्हणाली.

मामा दवाखान्यात धावले नाहीत. साहेबांनी जाऊच दिलं नसतं. ते खुर्चीत बसले आणि सगळं सांगत गेले: कोणाचा माल, कुठली गोदामं, आधीच्या गाड्या किती. साहेब लिहीत होते. भाची बाहेरच्या बाकावर बसून दर दहा मिनिटांनी मामींना फोन करत होती. संध्याकाळी निरोप आला: सलाइन लावलंय, पोर रडतेय. रडतेय म्हटल्यावर तिला स्वतःला रडू फुटलं.

त्या जबाबावरून दोन गोदामं सापडली आणि दुकानांतले डबे परत मागवले गेले. मामांचा परवाना गेला, खटला उभा राहिला, आणि ते जामिनावर घरी आले. त्याच्या आदल्याच दिवशी नात दवाखान्यातून आली होती. भाची तिला बघायला गेली, तेव्हा मामींनी पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. मामा दाराजवळच्या खुर्चीत परक्यासारखे बसले होते.

त्यांनी मुलीला विचारलं, "घेऊ का गं तिला जरा?"

मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "आधी हात धुऊन या," ती म्हणाली.

मामा उठले आणि कोपरापर्यंत हात धुऊन आले.