बटणांच्या डब्याचं बेअरिंग

सकाळी कामावर आलेली माणसं आधी हजेरी लावत आणि मग दर्शन घेत. दर्शन म्हणजे इस्त्रीखात्याच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्याचं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यातल्या प्रत्येक धुलाईयंत्राला त्या पडद्यावर एक चौकोन मिळाला होता. हिरवा चौकोन म्हणजे प्रकृती ठीक. पिवळा म्हणजे कुरबुर. आणि लाल म्हणजे हे यंत्र उद्या बंद पडणार! हे भविष्य आजवर एकदाही चुकलं नव्हतं. सॉफ्टवेअरचं नाव 'त्रिकाल' होतं, त्यामुळे ते घेऊन आलेल्या कोटवाल्या सल्लागाराचं आपोआपच 'त्रिकालबाबा' झालं होतं.

ताई नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला आल्या, त्या नेमक्या पाचवा चौकोन लाल होण्याच्या मुहूर्तावर.

"लाल झालं! लाल झालं!" इस्त्रीवाल्या बायकांनी इस्त्र्या उभ्या केल्या. चादरींच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. ताईंचा धाकटा भाऊ, म्हणजे कारखान्याचा मालक, केबिनमधून धावत बाहेर आला.

"दाजी, पाचवं! पळा!"

दाजी म्हणजे ताईंचे यजमान. मालक दाजी म्हणतो म्हणून सगळा कारखानाच त्यांना दाजी म्हणे. दुरुस्तीखातं त्यांच्याकडे. ते पाना घेऊन पळाले, यंत्र बंद केलं, पाठ उघडली आणि आतून एक झिजलेला पट्टा काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. टाळ्या पडल्या. पडद्यावर 'टळलेले बिघाड' या आकड्यात एकाची भर पडली.

"ह्याला म्हणतात व्हॅल्यू!" त्रिकालबाबा म्हणाले. यंत्रावर चिकटवलेल्या काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डबीवरून त्यांनी हळुवार बोट फिरवलं. "ही डबी म्हणजे त्रिकालचा कान. बेअरिंगचा श्वास ऐकते. बिझनेस व्हॅल्यू डोळ्यांना दिसत नसते, ती फील करायची असते."

"मग बिलात कशी दिसते?" ताईंनी विचारलं.

धाकट्याने डोळे वटारले. पण ताईंना डोळे वटारून उपयोग नव्हता. कारखाना वडिलांचा, त्यात त्यांचा निम्मा वाटा होता, शिवाय उभी हयात त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. वटारलेले डोळे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते.

"अहो," त्या दाजींना म्हणाल्या, "हा पट्टा उद्या तुटला असता?"

"तुटला असता म्हणजे काय! बघ ना किती झिजलाय."

"शेजारचं यंत्र उघडलंत तर त्यातला कोरा निघेल?"

दाजींनी चष्मा घातला, पट्टा पुन्हा एकदा पाहिला आणि विषय बदलला.

त्याच संध्याकाळी धाकट्याने ताईंच्या घरी येऊन बातमी सांगितली. त्रिकालशी कायमचा करार करायचा. कधी काय उघडायचं हे पडदाच सांगणार असेल तर दुरुस्तीखातं हवंय कशाला? कंपनीची पोरं येतील, पडदा सांगेल ते उघडतील, जातील.

"आणि हे?" ताईंनी दाजींकडे बोट दाखवलं.

"दाजींनी आता आराम करावा. मानाने निरोप देऊ. शाल, श्रीफळ..."

"श्रीफळ तूच फोडून खा."

पण ताईंना खरा धक्का बसला तो दाजींच्या बोलण्याचा. "त्याचं बरोबर आहे गं," ते मान खाली घालून म्हणाले. "इतकी वर्षं यंत्रं हाताळली, पण उद्या काय मोडणार हे मला कधी कळलं नाही. त्या डबीला कळतं. मग मी कशाला हवा?"

चार लोक फसले याचं ताईंना फारसं वाटलं नसतं. फसणं हा लोकांचा आवडता उद्योग आहे. पण आपला नवरा स्वतःच्याच उत्तरपूजेत टाळ्या वाजवतोय, हे त्यांना सहन होईना.

"धाकट्या, करारावर माझी सही लागेल ना?"

"लागेल की."

"मग एक अट. पुढचं यंत्र लाल झालं की उघडायचं नाही. चालू ठेवायचं."

"ताई, इस्पितळाच्या चादरी असतात त्यात! ऑपरेशनं खोळंबतील!"

"एकच यंत्र. शेजारचं मोकळं ठेव, बिघडलं तर कपडे तिकडे वळव."

धाकट्याने त्रिकालबाबांना फोन लावला. "सिस्टिमवर श्रद्धा असेल तर परीक्षा कशाला?" ते म्हणाले. ताईंनी फोन हातात घेतला. "श्रद्धा आमच्याकडे पुरेशी आहे. तुमच्याकडे सिस्टिम आहे का, ते बघायचंय." नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जाणार. बाबा हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिसरा चौकोन पिवळा पडला. संध्याकाळी सगळे गेल्यावर ताईंनी तिसऱ्या यंत्रावरची पांढरी डबी नखाने उचकटली. धाकट्याच्या केबिनमध्ये बटणांचा डबा होता. धुताना तुटलेली बटणं त्यात टाकत. कोणाची ते कधीच कळत नसे, पण फेकायला जीव होत नसे. ताईंनी ती डबी बटणांच्या खाली पुरली आणि झाकण लावलं. रिकाम्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवला. दर्शन घेणाऱ्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही, कारण यंत्राकडे आता कोणी बघतच नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत.

दोनच दिवसांनी तिसरा चौकोन लाल झाला. 'बेअरिंग जाम. उद्या दुपारी बारापर्यंत.'

दुसऱ्या दिवशी अकरापासूनच गर्दी जमली. तिसऱ्या यंत्रात चादरी घुसळत होत्या. ताई यंत्रासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. दाजी पाना घेऊन घिरट्या घालत होते.

"अगं, उघडू दे. जाम झालं तर खापर माझ्यावर फुटेल."

"आणि उघडलंत तर त्रिकाल पुन्हा खरा ठरेल. बसा खाली."

तोंडाने त्या असं म्हणत होत्या, पण यंत्र जरा खडखडलं की त्याही स्टूल पुढे ओढून कान देत होत्या. यंत्रच ते, बाराच्या आत आपल्या मर्जीने बंद पडलं तर? दाजी उरलेलं आयुष्य त्या डबीला नमस्कार करण्यात घालवणार.

बारा वाजले. चादरी घुसळत होत्या. साडेबाराला यंत्राने पाणी सोडलं, कपडे पिळले आणि शिट्टी वाजवून काम संपल्याचं सांगितलं.

त्रिकालबाबांनी घसा खाकरला. "हे आपलं सेल्फ-हीलिंग फीचर. सिस्टिमने बेअरिंगचा ताण ओळखून..."

"कसा ओळखला?"

"कानाने! डबीने बेअरिंगचा श्वास ऐकला."

"धाकट्या," ताई म्हणाल्या, "तुझा बटणांचा डबा आण."

धाकट्याने डबा आणला. ताईंनी तो सगळ्यांसमोर टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळली आणि त्यांच्या ढिगावर पांढरी डबी आली, तिचा इवलासा दिवा मोठ्या निष्ठेने लुकलुकत.

"तीन दिवस हिने या बटणांचा श्वास ऐकलाय. बेअरिंग जाम झालं असेल तर ते या डब्याचं."

इस्त्रीवाल्या बायकांपैकी एक फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. मालक हसला नाही. त्याचा चेहरा पिळून काढल्यासारखा झाला होता.

"ही ऐकते तरी का हो काही?" त्याने विचारलं.

त्रिकालबाबांनी कोटाचं बटण लावलं. "सेन्सर जोडणं हे दुसऱ्या टप्प्यात आहे. सध्या बेस मॉडेल चालू आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... यंत्र शेवटचं उघडल्यापासून ठरावीक दिवस झाले की आधी पिवळं, मग लाल."

"घड्याळ," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी वर्गात सांगत तसं सांगितलं. "लाल झालं की तुम्ही यंत्र उघडता. उघडलं की झिजलेलं काहीतरी निघतंच. माझं तोंड उघडा, एखादा दात किडलेला निघेल. मग बिघाड 'टळला' म्हणून नोंद होते. जो घडलाच नाही तो बिघाड मोजायचा आणि त्याला व्हॅल्यू म्हणायचं! हे भविष्य चुकणार कसं? चुकायला तुम्ही त्याला संधीच दिली नाही."

"पण ताई, बिघाड खरंच कमी झालेत," धाकटा पुटपुटला.

"झालेच आहेत. कारण पट्टे वेळेवर बदलले जाताहेत. बदलतंय कोण? हे. आणि वेळेची आठवण भिंतीवरचं कॅलेंडरही करून देतं. ते श्वास ऐकल्याचा आव आणत नाही." त्या उठल्या. "देव असो की सॉफ्टवेअर, कोणी चमत्कार दाखवला की एवढंच विचारायचं: हे खोटं असतं तर आपल्याला वेगळं काय दिसलं असतं? काहीच नाही, असं उत्तर आलं की खिशावर हात ठेवायचा."

करार झाला नाही. त्रिकालबाबा आपल्या डब्या सोलून घेऊन गेले. जाता जाता "तुमची संस्था अजून व्हॅल्यूसाठी मॅच्युअर नाही" असं म्हणाले. पडद्यावर आता बायका दुपारी सिनेमा बघतात. तेवढी व्हॅल्यू त्यात खरोखरच होती.

दाजींनी दुरुस्तीखात्यात कॅलेंडर टांगलं, प्रत्येक यंत्राच्या तारखेला स्वतःच्या हाताने लाल गोल केला. पहिली तारीख उजाडली तेव्हा ताई मुद्दाम बघायला आल्या. दाजींनी पाना उचलून काखेत मारला, कॅलेंडरसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि हात जोडले.

"अहो," ताई म्हणाल्या, "हात खाली. पाना हातात."