रोज पुसली जाणारी रेघ

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका, कारण मी तापलेला असतो. लोअर हट या जून-जुलैत थंडी पडणाऱ्या दक्षिण गोलार्धातल्या शहरात, एका घरात, शेगडीच्या पाठीमागे उभा असलेला मी एक जुना धुराचा पाइप. ही शेगडी लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालते. तिचा पंखा धूर माझ्यात ढकलतो आणि मी तो भिंतीपलीकडे सोडतो. म्हणूनच माझ्या सांध्यात केसाएवढी फट पडली, तरी धूर तिथून घरात घुसतो. त्याच्याबरोबर एक विषारी वायू येतो. त्याला ना रंग, ना वास. मला पहिल्यापासून धास्ती आहे ती त्याचीच.

मला बसवणाऱ्याने माझे सांधे उष्णता सोसणाऱ्या सीलंटने, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाने, नीट भरले होते. बारा हिवाळे सुखात गेले. प्रमोद आणि नीताकडे येणारे पाहुणे म्हणायचे, "काय मस्त वॉर्म आहे रे तुमचं घर." मी आपला उगाच फुशारून जायचो.

गेल्या मे महिन्यात प्रमोदचे वडील मोरेश्वरराव पुण्याहून राहायला आले. माझी वर्षाची सफाई व्हायची होती.

"बाबा, टेक्निशियन येतोय नेक्स्ट वीक. तुम्ही हात लावू नका," प्रमोद म्हणाला.

"अरे, बॉयलरवर आयुष्य गेलं माझं. एवढ्याशा पाइपला माणूस कशाला बोलवायचा?"

प्रमोद ऑफिसला गेला आणि बाबांनी मला सोडवलं. राख झकास झाडली, ते कबूल करायला हवं. पण जोडताना नवं सीलंट भरायचं सोडून त्यांनी सांध्यावर गॅरेजमधली साधी चिकटपट्टी गुंडाळली. मागची पट्टी न बघताच प्रमोदने खूश होऊन टेक्निशियनला येऊ नका म्हणून कळवलं.

थंडी पडली आणि पट्टी करपली. पंखा सुरू झाला की सांध्यातून धूर घरात सुटायचा. मला ओरडता येत नाही. मी फक्त मागच्या पांढऱ्या भिंतीवर काजळीची रेघ उमटवू शकत होतो. बाबांना ती पहिल्याच दिवशी दिसली. पण मुलाला काय सांगायचं? थोडा धूर निघाला तर काय बिघडतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पूजेला बसण्याआधी ते ओल्या फडक्याने रेघ पुसून टाकायचे. मी पुन्हा उमटवायचो, ते पुन्हा पुसायचे. धुराचा वास उदबत्तीत झाकून जायचा. स्मोक अलार्म प्रत्येक फोडणीला केकाटतो म्हणून कधीचाच ड्रॉवरमध्ये गेला होता. बाबांचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी थंडीला दोष दिला.

जुलैतल्या त्या दिवशी दक्षिण ध्रुवाकडचं बोचरं वारं सुटलं होतं. घरात बाबा एकटे. त्यांनी दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, शेगडी मोठी केली. मग फडकं घेऊन माझ्याकडे दोन पावलं आले, थबकले आणि सोफ्यावर टेकले. त्यांची मान कलली. फडकं खाली पडलं. पंखा मात्र थांबेना. मित्रांनो, त्यांचा जीव माझ्याच फटीतून जात होता आणि मला श्वास धरून ठेवता येत नव्हता. इतका मी कधीच भेदरलो नव्हतो.

साडेतीनला नीता हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली.

"बाबा, चहा ठेवू का?"

 तिने त्यांचा खांदा हलवला. "डोकं..." एवढंच ते पुटपुटले. तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. त्या दिवशी रेघ पुसायचं बळ कुणात उरलं नव्हतं. ती वीतभर लांब, काळीभोर होती. नीता नर्स आहे, तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. तिने सरकतं दार उघडलं, बाबांना ओढत बाहेरच्या लाकडी डेकवर नेलं आणि अँब्युलन्ससाठी एक-एक-एक नंबर लावला.

दोन दिवसांनी बाबा हॉस्पिटलमधून घरी आले. सोफ्यावर बसून प्रमोदला म्हणाले, "ती रेघ रोज यायची. मीच पुसत होतो. वाटलं, तू हसशील."

"हसलो असतो, बाबा," प्रमोद म्हणाला.  "हसलो असतो आणि मग दोघांनी मिळून नीट करून घेतलं असतं."

आता माझे सांधे पक्के बसवले आहेत. भिंतीवर त्या वायूचा अलार्मही आला आहे. दर रविवारी शेगडी चालू असताना बाबा पेटती उदबत्ती माझ्या प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवतात. तिचा धूर फुंकर मारल्यासारखा बाजूला उडाला, तर शेगडी बंद करायची आणि टेक्निशियनला बोलवायचं, असं ठरलं आहे. माझी भीती मात्र गेलेली नाही. 

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या मुक्या वस्तूने भिंतीवर काळी रेघ ओढली, तर फडकं खाली ठेवा. आधी घरातल्यांना हाक मारून ती दाखवा.