दहा पुड्या, वाफा एकच

पुडी नंबर चार, असं माझ्या अंगावर लिहिलंय. प्लास्टिकची पिशवी मी, पोटात मूठभर माती. इतके दिवस गप्प होते, आता नाय राहवत.

माझी माती सापगावच्या पलीकडची, सुंदराच्या वाफ्यातली. भाताचं रोप टाकायच्या आधी ती वाफ्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पेटवते. राब भाजणं म्हणतात त्याला. राबाने मातीतल्या जंतूंचं काय होतं, ते बघायला वाशिंदची रविना आली. कॉलेजात शिकते. तिला न भाजलेल्या दहा वाफ्यांची माती हवी होती आणि भाजलेल्या दहांची.

न भाजलेली तिने दहा शेतांतून नीट आणली. मग उन्हाने लाल होऊन सुंदराच्या ओटीवर टेकली.

"किती वणवण करशील गो?" सुंदरा म्हणाली. "भाजलेल्या दहाच पुड्या पायजेत ना? घे माज्या वाफ्यातल्याच."

आणि या शहाणीने घेतल्या! एकीला पाहुणीचे हाल बघवेनात, दुसरीला नको म्हणायची लाज. मधल्यामध्ये मरण माझं.

कॉलेजात आमच्या पोटातले जंतू मोजले. कुठली पुडी कुठलीशी किती जुळते ते काढलं. मग कंप्युटरवर आमची लेबलं पत्त्यांसारखी पिसली, हजार वेळा. कधी मी भाजलेली, कधी न भाजलेली! उलटसुलट लेबलांनी खऱ्या लेबलांइतका फरक एकदाही पडला नाय. म्हणून रविना खूश, फरक खरा म्हणे.

अगं बये, आमी दहा जणी एकाच वाफ्यातल्या. सुंदराच्या गोठ्याचं पाणी आमच्यातच मुरतं. आमी एकमेकींसारख्या असणार नाय तर काय! त्यात आगीचं किती, गोठ्याचं किती? लेबलं लाख वेळा पिसलीस तरी ते कळायचं नाय.

गावच्या बैठकीत रविनाने मला हातात धरून सांगितलं, "राबाने मातीतले उपयोगी जंतू घटतात. राब बंद करा." ठराव लिहायला घेतला. बायांना ठाऊक, राब नाही तर रोपापेक्षा तण जास्त.

म्हातारी बाईजा तेवढी बोलली. "भाजलेली माती कोणाची गो?"

"सुंदराताईंची."

"आन् बाकीच्या नऊ पुड्या?"

रविनाने मला खाली ठेवलं. "त्याही त्यांच्याच."

"म्हंजे हिच्या गाईंचा मूत मोजून आमचा राब बंद करतेस काय?"

सगळ्या हसल्या. सुंदरा नाय हसली. "चूक माजीबी हाय," म्हणाली आणि उठली. "चल, खुरपं घे. नऊ जणींच्या वाफ्यांवर मीच नेते तुला."

ठराव अर्धाच राहिला.

मी आता कॉलेजच्या फ्रिजात गारठलेय. फेकलंत तरी चालेल. राब चांगला की वाईट, मला नाय ठाऊक, आणि तुमालाबी नाय. ते नीट कळेपर्यंत आमच्या एकाच वाफ्याच्या साक्षीवर कुणाचा राब विझवू नका.