पोटाशी धरायचा कॅमेरा

"अक्का, इकडे बघा की! स्वल्प हसा," अभिमन्यू तिसऱ्यांदा म्हणाला आणि ठकुबाईंनी तिसऱ्यांदा पदर तोंडावर ओढला.

अभिमन्यूच्या हातात मेव्हण्याने अमेरिकेहून आणलेला डिजिटल कॅमेरा होता. रोल नको, धुणं नको, फोटो लगेच मागच्या काचेवर हजर. चामराजपेटेतल्या त्या चिंचोळ्या स्टुडिओत सध्या त्याचंच कौतुक चाललं होतं. नव्याचे नऊ दिवस, असं त्याचे वडील व्यंकोजी मनात म्हणायचे, पण पोराशी वाद घालायचे नाहीत. त्यांचा जुना दोन भिंगांचा कॅमेरा कोरमंगलाचा एक हौशी इंजिनियर संध्याकाळी न्यायला येणार होता, दिवाणखान्यात शोभेला ठेवायला. व्यंकोजींनी स्वतःच हो म्हटलं होतं आणि आता सकाळपासून ते त्याला फडक्याने पुसत बसले होते. जेवणावरही वासना नव्हती.

"अप्पा, तुम्हीच सांगा यांना," अभिमन्यू वैतागला.

"काय झालं अक्का? नातीला दिल्लीला नोकरी लागली, तिला तुमचा फोटो न्यायचाय म्हणालात ना?"

"न्यायचाय की. पण हा पोरगा ते यंत्र रोखून बघतोय हो, अण्णा. मला लाज वाटते. तुमच्या त्या पेटीतनं काढा."

ठकुबाईंचा जन्म जयनगरच्या एका कल्याण मंटपात भांडी घासण्यात गेला होता. व्यंकोजी तिथे लग्नांचे फोटो काढायचे. दोघांची ओळख तेवढीच.

"माझा एकच फोटो हाय बघा. तुम्हीच काढलेला. पंगत चालली होती, मी मागं कढई घासत होते. तुम्ही आलात, पेटी पोटाशी धरलीत आणि माझ्यापुढं मान वाकवलीत. एवढी बडी माणसं सोडून मला नमस्कार! माझ्यापुढं कोण मान वाकवणार, अण्णा? तुम्हीच एक."

व्यंकोजींना आठवलं. रोलमधला शेवटचा फोटो उरला होता, तो संपवायला ते मागच्या दारी गेले होते. आणि त्या कॅमेऱ्याची काच वरच्या अंगाला. मान खाली घातल्याशिवाय त्यात काही दिसतच नाही. नमस्कार कसला नि काय! तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण नजर हातातल्या कॅमेऱ्यावर गेली. उभी हयात हा कॅमेरा आपल्याला लहानथोरांपुढे वाकवत आला. शेटजींपुढे जसं, तसंच कढई घासणारीपुढे. आपल्या अंगी एवढी नम्रता कुठली? त्यांना त्या कॅमेऱ्याचे फार उपकार वाटले, आणि ते इतक्या उशिरा कळले याचं हसूही आलं.

"अभि, त्या इंजिनियरला फोन लाव. म्हणावं, येऊ नका. कॅमेरा द्यायचा नाही."

"पण अप्पा, तुम्ही शब्द दिलाय त्यांना!"

"माझ्या वतीनं माफी माग. सरी, ठीक आहे ना?"

अभिमन्यूने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो फोनकडे वळला.

व्यंकोजींनी कॅमेऱ्यात रोल भरला, पट्टा गळ्यात अडकवला. ठकुबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला आणि त्या ताठ बसल्या. तोंड आता उघडं होतं. व्यंकोजींनी मान वाकवली, या वेळी मुद्दाम, मनापासून. काचेत ठकुबाई स्वच्छ दिसल्या, मग जरा अंधूक झाल्या. त्यांनी बटण दाबलं.

"अण्णा, झालं की नाही?"

"स्वल्प थांबा, अक्का," व्यंकोजी म्हणाले आणि त्यांनी मान तशीच खाली ठेवली.