बोडीमायचा दगड

सिहोऱ्याच्या बोडीत, म्हणजे गावतळ्यात, मधोमध एक दगड आहे, पाण्याबाहेर हातभर आलेला. गाव त्याला बोडीमाय म्हणतं. पोहत तिथवर जाईल त्याने उजवा हात दगडाला लावायचा, मग कपाळाला, आणि मगच मागे फिरायचं. सेवकरामने लेकीला, रीताला, पोहणं शिकवलं ते या रीतीसकट.

रीता बेडकासारखी पोहायची. शाळेतल्या धर्मेंद्र सरांनी तिला मोबाईलवर एक जर्मन बाई दाखवली, याच पोहण्यात जग जिंकलेली. सेवकरामनेही डोकावून पाहिलं.

"हे तं आपल्या बोडीतली बेंडकी होय!"

"बाबा, तिचे हात पाहा ना. दोन्ही एकदम भिंतीले लागतात. एकच लागला तं बाद."

"कायले? देव एका हातानं पावते, अन् तुमची भिंत पावत नाही?"

सरही हसले.

त्या बाईचं सारं रीताला पाठ झालं. लहानपणी ती पाण्याला भ्यायची, पुढे खांदा निकामी झाला तरी परत उतरली, आता लेकरांना शिकवते. तिच्यासारखंच व्हायचं, एवढंच रीताच्या डोक्यात. पोहता पोहता ती नागपूरला राज्याच्या शर्यतीपर्यंत पोचली. जिंकली तर पुढे महाराष्ट्राकडून जाणार होती. तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष.

पाण्यात उतरण्याआधी सेवकराम तिच्या कानाशी लागला. "बोडीमायले इसरू नको, पोरी."

रीता सगळ्यांच्या पुढे आली. उजवा हात भिंतीला लागला आणि सरळ कपाळाला गेला. डावा पाण्यातच राहिला. सेवकराम उभा राहून टाळ्या वाजवू लागला. पोरगी जिंकली, वर रीतही राखली! काठावरच्या पंचाने हात वर केला, फलकावरून रीताचं नाव गेलं, तरी त्याच्या टाळ्या चालूच होत्या.

"रीता, काहून वो असं केलं?" सरांनी डोकं धरलं.

तिने एकदा बापाकडे पाहिलं. "हात चुकला, सर."



गावी आल्यावर ती एका संध्याकाळी बोडीत उतरली. टॉवेल घेऊन सेवकराम काठाच्या पाळीवर उभा होता. ती दगडाशी पोचली. दोन्ही हात एकदम दगडावर आदळले. कपाळाला एकही गेला नाही. ती तशीच वळली.

निथळत्या अंगाने ती त्याच्या बाजूने निघून गेली. सेवकरामचा उजवा हात सवयीने कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. मग कितीतरी वेळ तो कोरडाच टॉवेल पिळत राहिला.