मी पाठवलेला पुसट फोटो

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. दवाखान्यात मला सगळे मायक्रोस्कोपच म्हणतात. मित्रांनो, माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती मनात ठेवून ठेवून मी थकलो आहे, म्हणून आज तुम्हाला सांगतो.

माझी भिंगे एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. काम झाल्यावर त्याने माझ्यातून कांद्याचा पापुद्रा पाहिला आणि नुसते "हं" म्हटले. शेजारचा कामगार हसून मला म्हणाला, "नशीबवान आहेस लेका. आमच्या वाट्याला एवढंही येत नाही!"

तिथून मी एका छोट्या दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत आलो. खिडकीजवळचे टेबल, एक उंच स्टूल आणि रंगांच्या बाटल्या, एवढाच माझा संसार. तिथे रक्त आणि गाठी तपासणाऱ्या बाईंना सगळे काचमावशी म्हणत, कारण त्यांच्या हातात सदा काचपट्ट्या असत. आमच्याकडे पेशी ओळखणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. म्हणून काही वर्षांनी माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवला आणि शेजारी त्याचा पडदा ठेवला. मावशी फोटो काढून दूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवत आणि तिथले डॉक्टर ते पाहून निदान कळवत. "मावशी, काय रेखीव फोटो आहे हो!" असे ते फोनवर म्हणाले की मी आतल्या आत फुशारून जायचो.

एकदा मावशींनी धूळ पुसायला कॅमेरा काढला आणि परत बसवला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. कॅमेऱ्याचा बारीक स्क्रू पुरता आवळायचा राहिला आणि कॅमेरा केसभर वर सरकून बसला. डोळा लावून पाहणाऱ्याला माझ्यातून सगळे लख्ख दिसे, पण कॅमेऱ्यात तेच धुक्यातल्यासारखे उमटे. मावशी डोळ्यांनी पाहत, बटण दाबत आणि फोटो पाठवून देत. पडद्याकडे नीट पाहायला त्यांना सवड नव्हती. मला सगळे कळत होते, मित्रांनो, पण मला तोंड नाही.

त्याच आठवड्यात बसताई आल्या. त्या शाळेची बस चालवत. त्यांच्या मानेवर बोराएवढी गाठ आली होती. गाठीत बारीक सुई घालून थेंबभर द्रव काढला, तो काचेवर पसरून रंगवला आणि माझ्याखाली ठेवला. मी त्या पेशी पाहिल्या. त्या वेड्यावाकड्या आणि काळपट होत्या. मावशीही क्षणभर थबकल्या. मग त्यांनी फोटो पाठवले. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला.

"फोटो जरा पुसट आहेत, पण यात काळजीचं काही दिसत नाही. शंका असेल तर पुन्हा पाठवा."

मावशींनी उरलेल्या कामाच्या ढिगाकडे पाहिले. "डॉक्टरांनी बघितलंय ना, मग झालं," असे त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि माझ्यावर आच्छादन घातले.

चार महिन्यांनी बसताई परत आल्या तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. या वेळी डॉक्टरांनी फोटोंवर भरवसा ठेवला नाही. "काचाच पाठवा, जुनीसुद्धा," ते म्हणाले. दोन दिवसांनी कळले की तो कर्करोग होता, आणि जुन्या काचेवरही तो स्पष्ट दिसत होता.

काचा परत आल्यावर मावशींनी जुनी काच माझ्याखाली ठेवली आणि डोळ्यांनी नीट जुळवली. मग पहिल्यांदाच त्या पडद्याकडे वळल्या. पडद्यावर सगळे धूसर होते. त्यांनी माझे जुळवणीचे बारीक चाक थोडेसे फिरवले, तशा पेशी एकदम कडांसकट उभ्या राहिल्या. मग मावशींची बोटे त्या सैल स्क्रूवर गेली.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना त्यांनी सगळे सांगितले. साहेब म्हणाले, "स्क्रू आवळा आणि विषय संपवा. त्या बाईंना सांगून नसती आफत कशाला ओढवून घेता?"

ऑपरेशनच्या आधी बसताई तपासणीसाठी रक्त द्यायला आल्या. मावशींनी दार लोटून घेतले.

"ताई, चार महिन्यांपूर्वीचा फोटो पुसट गेला. चूक माझी आहे. मला शंका आली होती, तरी मी पुन्हा पाठवला नाही."

बसताईंनी स्टूल पडद्याजवळ ओढले. मग म्हणाल्या, "दाखवा मला."

मावशींनी तो पुसट फोटो दाखवला. मग काच ठेवून पडद्यावर पेशी स्पष्ट करून दाखवल्या.

"एवढाच फरक?" बसताईंचा आवाज चिरकला. "हातभर चाक फिरवायचं नव्हतं, बोटभर फिरवायचं होतं!"

"हो."

"मला आत्ता तुम्हाला माफ नाही करता येणार, मावशी."

"माफी मिळावी म्हणून नाही सांगितलं मी. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून सांगितलं."

ऑपरेशन झाले. बसताई वाचल्या, पण गाठ पसरली होती, त्यामुळे मानेत खोलवर कापावे लागले आणि खांद्याकडे जाणारी नस दुखावली. आता त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. बस चालवणे सुटले. त्या शाळेच्या कचेरीत बसतात आणि बसचा आवाज आला की खिडकीशी जातात, असे त्यांनीच एकदा मावशींना सांगितले. दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला येतात. मावशींशी थोडे बोलतात. माझ्याकडे मात्र पाहत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

आता रोज सकाळी मावशी माझी परीक्षा घेतात. डोळ्यांना दिसते तेच पडद्यावर उमटते का, ते पाहतात. काचपट्टीवर घालायचे तेल भिंगाला लागून वाळले असेल तर ते पुसतात. टेबलाचा हादरा थांबेपर्यंत हात मागे घेऊन उभ्या राहतात, मगच बटण दाबतात. फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय एकही पाठवत नाहीत. परवा त्यांनी एकच फोटो सात वेळा काढला. बाहेरचे लोक कुरकुरले. मावशी म्हणाल्या, "बसा जरा. कुणाच्या तरी मानेतली गाठ आहे ही."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पुसा, झाका. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. समोरचे पुसट दिसले आणि मनात "चालेल" असा शब्द आला, तर तिथेच थांबा. पुन्हा एकदा पाहा. मला ते सांगता आले नाही. तुम्हाला तोंड आहे.